खाडीतली पक्षी सहल: होडीला पैकीच्या पैकी, वेळापत्रकाला भोपळा

ठाणे खाडीत होडीतून पक्षी दाखवणाऱ्या एका खासगी आयोजकाबरोबर संक्रांतीच्या आधीच्या रविवारी मी आणि माझी नणंद जाऊन आलो. माणशी अठराशे रुपये. त्यात ऐरोलीच्या बाजूने होडी, मार्गदर्शक, वापरायला दुर्बीण, नाश्ता, मग बसने सीवूड्सकडची तळी आणि दुपारी अडीचला ठाण्यात परत, असं सगळं आलं. आयोजकांचं नाव लिहीत नाही. जे सांगायचं ते त्यांना लेखी कळवलं आहे, आणि हिवाळ्यात अशा सहली काढणारे बरेच आहेत. कुणाकडेही पैसे भरण्याआधी काय विचारावं, ते कळावं म्हणून हे लिहितेय.

मी मुलुंडची. पॅथॉलॉजी लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून नोकरी संपवली आणि निवृत्तीनंतर तोच डोळा दुर्बिणीला लावला. चष्मा आहे, उजवा गुडघा कुरकुरतो. नणंद, म्हणजे आमच्या वन्सं, मिरजेच्या. सणाला आल्या होत्या. त्यांना पक्ष्यांत रस बेताचा, माणसांत भरपूर. त्यामुळे होडीवाल्याच्या तीन पिढ्यांची माहिती या सहलीत आम्हाला फुकट मिळाली.

मुख्य मुद्दा आधी. खाडीतली पक्षी सहल चांगली की वाईट, हे मार्गदर्शक, होडी, दुर्बीण यांच्याही आधी पाण्यावर ठरतं. थंडीत इथे येणारे बहुतेक पक्षी चिखलात चोच खुपसून पोट भरणारे. ओहोटीला चिखल उघडा पडतो, तेव्हा ते त्यावर लांबवर पांगतात. पण तेव्हा होडीला फक्त मधल्या खोल पाण्यातून जाता येतं, आणि दुर्बिणीत दिसतात नुसते ठिपके. पूर्ण भरतीला चिखल पाण्याखाली जातो आणि पक्षी खाडी सोडून किनाऱ्यालगतच्या तळ्यांवर जाऊन बसतात. होडीतून बघण्याची खरी वेळ यांच्या मधली. पाणी चढत असतं, चिखलाची पट्टी अरुंद होत जाते, पक्षी दाटीवाटीने कडेला सरकतात आणि होडी त्यांच्या जवळ जाऊ शकते. ही वेळ फार तर दीड-दोन तासांची.

आता ती कधी येणार हे शोधायला कुठलं ॲप लागत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. आमच्याकडे किनाऱ्यावरची जुनी माणसं तिथीला पाऊणने गुणतात. शुद्ध असो की वद्य, प्रतिपदेपासून मोजायचं. चतुर्दशी असेल तर चौदा गुणिले पाऊण, साडेदहा. म्हणजे मुंबईला साडेदहाच्या सुमारास भरती, सकाळीही आणि रात्रीही. त्याच्या सव्वासहा तास आधी ओहोटी. आत खाडीत पाणी पोचायला आणखी थोडा वेळ लागतो, तेवढा धरून चालायचं. शिवाय पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, त्यात एवढी हालचाल नसते. उधाणाच्या दिवशी चिखल झपाट्याने बुडतो, म्हणून पक्षी भराभर जवळ येतात आणि भराभर निघूनही जातात.

आमचा रविवार पौष शुद्ध चतुर्दशीचा होता. भरती साडेदहा-अकराची, उद्या पौर्णिमा म्हणजे उधाण. होडीची वेळ सातची दिली होती. यापेक्षा चांगला दिवस निवडता आला नसता, म्हणून मी खूश होते. आयोजकांनी तो निवडला नव्हता. त्यांची सहल दर रविवारी सातलाच असते, तिथी कुठलीही असो. हे मला होडीत बसल्यावर कळलं.

सातला सगळे जमलेही. मग ओळखपरेड सुरू झाली. प्रत्येकाने नाव, गाव, आवडता पक्षी सांगायचा. सत्तावीस माणसं. त्यानंतर टोप्या वाटल्या, टोप्या घालून फोटो काढला, उशिरा येणाऱ्या एका कुटुंबासाठी थांबलो, ते आल्यावर फोटो परत काढला. वन्संनी आवडता पक्षी 'कोंबडी' सांगितला आणि खाली बसल्या. होडी सुटली तेव्हा आठ वाजायला दहा मिनिटं होती. होडीवाला मघापासून काठावर उभा राहून पाण्याकडे आणि आमच्याकडे आळीपाळीने बघत होता. मी जवळ गेले तर म्हणाला, "पानी चरतंय मावशी. यांना सांगा." मी सांगितलं. "हो हो, निघतोच आहोत," असं उत्तर मिळालं.

होडीबद्दल मात्र बोट ठेवायला जागा नाही. बाप-लेक चालवत होते, दोघंही इथल्याच गावातले. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय एकालाही आत घेतलं नाही. जॅकेटांना वास होता, पण खाडीलाच आहे. जेट्टीवरून होडीत उतरायची पायरी उंच आहे. माझा गुडघा बघून मुलाने आधी एक फळी टाकली आणि मग हात दिला. ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे त्यांनी उतरताना घाई करू नये आणि बाजूच्या बाकावर बसावं, मधल्या बाकावरून उठबस कठीण जाते. मागे ऐरोलीचा पूल, पुढे लांबवर वाशीचे पूल आणि उजव्या हाताला भांडुप-विक्रोळीकडची कांदळवनं. याच पश्चिमेच्या बाजूचा पट्टा २०१५ साली ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. एकूण १,६९० हेक्टर, त्यातलं निम्म्याहून थोडं जास्त कांदळवन आणि बाकी पाणी. २०२२मध्ये ते रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतही गेलं. बुलेट ट्रेनचा बोगदाही याच खाडीखालून जाणार, सात किलोमीटर. हे ऐकून वन्संनी होडीच्या तळाकडे एकदा संशयाने पाहिलं.

पाण्याच्या कडेशी पोचताच होडीवाल्याने इंजिन बंद करून बांबू हातात घेतला. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. चिखलाची पट्टी तेव्हा चाळीस-पन्नास पावलं उरली असेल, आणि तिच्यावर मुंगी शिरायला जागा नव्हती. काळ्या शेपटीचे पाणटिवळे शेकड्यांनी होते, सगळे एका दिशेला तोंड करून. त्यांच्या पायांत छोटे टिलवे धावत होते. पाणटिवळा दोन पावलं टाकेपर्यंत टिलव्याची वीस होतात. थोडे बाजूला उचाटे होते. त्यांची वर वळलेली चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरते, तशी मी आयुष्यात एवढ्या जवळून पाहिली नव्हती. एक कोरल होता, त्याची चोच खाली वळलेली. दोघं एकाच दुर्बिणीत आले तेव्हा मी वन्संना जबरदस्तीने बघायला लावलं. त्या म्हणाल्या, "एकाला वरून वाढलंय, एकाला खालून." मला वाटतं फरक त्यांना कायमचा कळला. विजेच्या एका मनोऱ्यावर मोरघार मासा फाडत बसली होती. किनाऱ्यावर तिवराच्या बोटभर उभ्या मुळांमध्ये निवटे मासे उड्या मारत होते.

रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, मोजकेच होते, पंचवीस-तीस. जाहिरातीतल्या फोटोत सगळी खाडी गुलाबी दाखवलेली असते, त्यामुळे होडीत जरा निराशेची कुजबुज झाली. तसा गुलाबी देखावा हवा असेल तर फेब्रुवारीनंतर, उन्हाळ्याच्या तोंडाशी जावं. डिसेंबर-जानेवारी चिखल्या, तुतारी, पाणटिवळे आणि बदकांचा. हे आयोजकांनी आधी स्पष्ट लिहायला हवं होतं. फ्लेमिंगोच्या नावावर तिकिटं खपतात, हे मला कळतं. तरीही.

हे सगळं वीस मिनिटं. मग पट्टी बुडाली. पाणटिवळ्यांचा अख्खा थवा एकदम उठला, पंखांवरचे पांढरे पट्टे एका झटक्यात चमकले, आणि थवा आमच्या डोक्यावरून दक्षिणेला गेला. पाठोपाठ उचाटे. होडीवाल्याने बांबू आत घेतला. "गेले सीवूडला. आता चिखल दिसाचा नाय." साडेआठसुद्धा वाजले नव्हते. सात वाजता निघालो असतो तर हीच पट्टी दहापट रुंद असताना गाठता आली असती आणि तास-सव्वा तास तिच्याबरोबर मागे सरकता आलं असतं. उरलेला वेळ आम्ही कुरव, म्हणजे सीगल, बघितले. त्यांना कुणीतरी फरसाण टाकलं. मार्गदर्शकाने अडवलं नाही. होडीवाल्याच्या मुलाने अडवलं.

मार्गदर्शक पोरगा तरतरीत होता, वाईट नव्हता. तिवर आणि चिपी यांच्या मुळांतला फरक त्याने छान दाखवला. चिपीची मुळं जाड आणि वर निमुळती. पांढरी चिपी हा २०२०पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे, हेही सांगितलं. पक्षी ओळखण्यात तो पक्का, आवाजावरून हिरव्या पायाची तुतारी सांगितली ती अचूक निघाली. पण कहाण्यांवर आला की गाडी रुळावरून घसरायची. रोहित सायबेरियातून येतात म्हणाला. इथले रोहित मुख्यतः कच्छच्या रणातून येतात, तिथे त्यांच्या वसाहती आहेत. सालिम अली १९४५मध्ये तिथे गेले होते तेव्हा त्यांचा अंदाज पाच लाख पक्ष्यांचा होता. पुढे म्हणाला, समोरचे पाणटिवळे न थांबता अकरा-बारा हजार किलोमीटर उडतात. तो विक्रम त्यांच्या चुलतभावाचा, पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याचा. त्यातल्या एका पिल्लाने २०२२मध्ये अलास्का ते टास्मानिया असा १३,५६० किलोमीटरचा प्रवास अकरा दिवसांत एका दमात केला. समोरचा पक्षी काळ्या शेपटीचा होता. तोही दूरच्या उत्तरेतून येतो, त्याला उसन्या पराक्रमाची गरज नाही. होडीत लहान मुलं होती, वहीत लिहून घेत होती, म्हणून मी मधे बोलले. पोराने मनाला लावून घेतलं नाही, उलट मोबाइलमध्ये टिपून ठेवलं. याला पाचपैकी चार द्यायला हरकत नाही.

दुर्बिणी. 'दुर्बीण दिली जाईल' असं वाचून कुणी आपली घरी ठेवून जाऊ नका. दिल्या त्या खिशात मावणाऱ्या, कंपनीने मोठ्या अक्षरांत वीसपट लिहिलेल्या. हलत्या होडीत वीसपट म्हणजे तुमचा हात वीसपट थरथरतो. त्यातून पक्षी सोडा, पूल शोधायला वेळ लागतो. होडीसाठी आठपट पुरे. ८×४२ लिहिलेली घ्या. त्यातला ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये, आणि त्याला ८ने भागलं की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशाच्या चकतीचा व्यास निघतो, सव्वापाच मिलिमीटर. सकाळच्या धुरकट उजेडात त्याचा फायदा होतो. चष्मेवाल्यांनी डोळ्यांजवळची रबरी कडी आत फिरवून किंवा दुमडून घ्यायची. हे दिलेल्या दुर्बिणींबरोबर कुणी सांगितलं नाही, त्यामुळे माझ्या शेजारचे काका चष्मा काढून, दुर्बीण लावून, 'धूसर दिसतंय' म्हणत राहिले. कडी दुमडून दिल्यावर त्यांनी पहिल्यांदा कोरल पाहिला. मार्गदर्शकाकडे तिपाईवरची मोठी दुर्बीण होती. होडीत तिचा उपयोग शून्य, तळ्यावर मात्र तीच खरी.

साडेनऊला परत जेट्टीवर आणि मग नाश्ता. नाश्ता होडीवाल्याच्या घरी, अंगणात. तांदळाच्या पातळ भाकऱ्या, सुक्या जवळ्याची चटणी, शाकाहारींना वालाचं बिरडं, आणि गुळाचा चहा. माझं या सहलीतलं सगळ्यात निर्भेळ कौतुक याला आहे. भाकरी तव्यावरून थेट पानात येत होती. घरच्या बाईंनी दोनदा विचारून तिसऱ्यांदा न विचारताच वाढलं. पण वेळापत्रकात नाश्त्याला दीड तास, त्यानंतर 'निसर्ग आणि आपण' असं एक छोटं भाषण, आणि मग बसने सीवूड्स, पोचायची वेळ एक. म्हणजे पक्षी तळ्यावर जाऊन बसलेत, आपण इथे जवळा खातोय, आणि पाणी उतरून पक्षी परत चिखलावर निघतील तेव्हा आपण तळ्यावर पोचणार. उलटा क्रम. मी मार्गदर्शकाला बाजूला घेऊन म्हटलं, आधी तळी करू, भाषण तिथे द्या. तो म्हणाला, बस साडेअकराचीच सांगितली आहे.

मी वन्संकडे पाहिलं. त्यांनी पानातल्या भाकरीकडे पाहिलं. "वहिनी, तुम्हाला जायचंय ना? मग भाकऱ्या बांधून घेऊ." बाईंनी चार भाकऱ्या आणि चटणी कागदात गुंडाळून दिली, वर वन्संच्या पिशवीतला तिळगूळ आनंदाने घेतला. आयोजकांना सांगून आम्ही रिक्षाने ऐरोली स्टेशन गाठलं. ट्रान्स-हार्बरची नेरूळ गाडी मिळाली, नेरूळहून परत रिक्षा. टी. एस. चाणक्य या नाविक प्रशिक्षण संस्थेच्या मागच्या तळ्यांशी पावणेअकराला पोचलो.

आणि सगळी मंडळी तिथे होती. सकाळी डोक्यावरून गेलेले पाणटिवळे गुडघाभर पाण्यात एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत खुपसून. शेकाटे, तुतारी, पलीकडे थापटे आणि दोन-चार तलवार बदकं. सकाळचे रोहितही असावेत, कारण तेवढेच होते. छोट्या रोहिताची चोच गडद, मोठ्याची फिकट गुलाबी आणि टोकाला काळी, हे इथे बांधावर उभं राहून निवांत पडताळता आलं. वन्सं दगडावर बसून भाकरी खात होत्या. त्यांनी विचारलं की ही तळी कुणाच्या मालकीची, त्यावर शेजारच्या एका फोटोवाल्याने अर्धा तास इमारती, भराव, कोर्ट असा सगळा इतिहास सांगितला. तो इथे लिहीत बसत नाही. बघायचं असेल तर लवकर जाऊन बघा, एवढंच. साडेबारानंतर थव्यांतून हालचाल सुरू झाली, दहा-वीस करत पक्षी खाडीकडे उडायला लागले.

बस सव्वाला आली. मोठी दुर्बीण तिपाईवर चढली तेव्हा तळ्यावर शेकाटे, काही थापटे आणि एक वंचक एवढेच उरले होते. मुलं शेकाट्यांवर खूश होती, ती गोष्ट वेगळी. दुर्बिणीची कडी दुमडून दिलेले काका मला शोधत आले आणि म्हणाले, "तुम्ही कुठे गायब झालात? नाश्ता फार छान होता."

स्वच्छतागृहाबद्दल बायकांनी नक्की विचारा, कारण अर्जात त्याचा उल्लेख नव्हता. सकाळी निघाल्यापासून तळ्यांपर्यंत आयोजकांची काहीच सोय नव्हती. होडीवाल्याच्या घरी आपलेपणाने सोय झाली, पण ती त्यांची भलाई, सहलीचा भाग नव्हे. तळ्यांजवळ काही नाही. आम्ही नेरूळ स्टेशनवर उरकलं. निम्म्या बायका दिवसभर पाणी न पिता फिरत होत्या, जानेवारीतसुद्धा खाडीवर ऊन लागतं.

पैशांचं बघायचं तर ऐरोलीलाच वन विभागाच्या कांदळवन कक्षाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथून होडीची फेरी स्वतःची स्वतः घेता येते आणि फेऱ्यांच्या वेळा भरती-ओहोटीप्रमाणे ठरतात, जे मला या सहलीत हवं होतं. मग तळ्यांपर्यंत लोकल आहेच. ज्यांना पक्षी ओळखायला सोबत हवी, त्यांनी मार्गदर्शक जरूर घ्यावा, त्याचे पैसे वाजवी आहेत. पण आधी एकच विचारायचं: त्या दिवशी भरती किती वाजता आहे? उत्तर लगेच आलं तर पैसे भरा. 'बघून सांगतो' आलं तर कॅलेंडर काढा आणि तुम्हीच त्यांना सांगा.

माझ्या पत्राला आयोजकांचं उत्तर चार दिवसांत आलं, सभ्य होतं. सूचनांबद्दल आभार, फेब्रुवारीतल्या एका रविवारच्या सहलीत दोघींना वीस टक्के सवलत, वेळ नेहमीची, सकाळी सात. मी कॅलेंडर बघितलं. त्या दिवशी संकष्टी. वद्य चतुर्थी, चार गुणिले पाऊण तीन. भरती दुपारी तीनला, म्हणजे ओहोटी सकाळी नऊच्या आसपास, आणि सात ते नऊ होडी मधल्या पाण्यात, पक्षी क्षितिजाशी. वन्संना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, मला तर त्या दिवशी उपास, म्हणजे भाकरीही गेली. सवलत मी नाकारली आणि पुढची त्रयोदशी-चतुर्दशी रविवारी कधी येते ते त्यांना कळवलं.